कडूबाची निळी बाटली

आमच्या गावच्या ढोराच्या दवाखान्यात कडूबा ड्रेसर होता. सरकारी वस्तूला त्याच्याइतका जपणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. एकदा बैलाचा खूर बांधताना त्याच्याच अंगठ्यात पत्रा घुसला. रक्ताची धार लागली. हाताशी आयोडीन होतं, कापूस होता, पट्ट्या होत्या. पण या गड्यानं धोतराचा काठ फाडून अंगठ्याला गुंडाळला, घरी जाऊन हळद भरली आणि मग कामावर परत आला. मी म्हटलं, काऊन बे, समोर औषध असून घरी कायले पळाला? तर म्हणे, ते औषध बैलाइच्या नावानं आलेलं आहे.

हा अंगठा लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते या स्वभावापायीच झालं.

आमचं गाव वरवट बकालच्या बाजाराला पायी जाण्याइतकं जवळ. मी आणि कडूबा एकाच पाटीवर सातवीपर्यंत शिकलो. एकाच पाटीवर म्हणजे खरोखर एकाच, कारण माझी फुटली होती. कडूबाच्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं, गोजरबाईनं, याचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तू यमाच्याही तोंडात टिकत नाही असा त्यातला हिशेब. यमानं खरंच थुंकून टाकला म्हणायचा, कारण पुढं तो चांगला बैलासारखा वाढला आणि दवाखान्यात चिकटला.

मी सांगतो ती गोष्ट महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली होती तेव्हाची. सरकारनं दवाखान्याला गीर जातीचा एक वळू दिला होता. तो हंबरला की अर्ध्या गावाला ऐकू जायचं, म्हणून लोक त्याला शाहीर म्हणत. गाय त्याच्याकडं न्यायची नाही, त्याचं बीज काढून नळीनं गायीला द्यायचं, अशी नवी रीत तेव्हा निघाली होती. सुरुवातीला लोक हसले. आमचे एक उत्तमराव होते, ते तर म्हणाले, लग्न लागलं, पण नवरदेव कुठं आहे? मग त्यांच्याच गायीला पांढरीशुभ्र कालवड झाली, आणि पुढच्या खेपेला रांगेत पहिले तेच.

या कामात कडूबाचा हात बसला होता. कोंबडीचं अंडं फोडून पिवळं बलक तो टिपकागदावर असं अलगद लोळवायचा, की पांढऱ्याचा थेंबही राहू नये. त्या बलकात औषध मिसळून त्यात बीज जपून ठेवत. गोजरबाई म्हणायची, माझ्या लेकाले सरकार अंडे लोळवाचा पगार देते.

डॉक्टर होते मेहकरचे. लक्ष्मीकांत धर्माधिकारी. तरुण, चष्मेवाले, बोलण्यात पुस्तकी, पण मनाचे मोकळे. ते रोज शाहिराच्या बिजाचा एक थेंब कोमट मिठाच्या पाण्यात मिसळून काचेच्या पट्टीवर घ्यायचे आणि दुर्बिणीखाली पाहायचे. सूक्ष्मदर्शकाला आम्ही दुर्बीणच म्हणायचो. त्यांनी कडूबालाही पाहायला शिकवलं. त्यानं मला एकदा दाखवलं. बापा, काय दिसलं म्हणता! डबक्यात बेडकाची पिल्लं असतात ना, तशी हजारो. सगळ्यांना शेपट्या, आणि सगळी निघालेली. कुठं निघाली हे त्यांनाही ठाऊक नसावं, पण घाई अशी की खामगावची गाडी सुटून राहिली आहे. डॉक्टर सांगायचे की सगळी करामत त्या शेपटीत आहे. जे पोहतं तेच पोचतं, बाकी नुसती गर्दी. दहातली किती पोहतात याचा अंदाज कडूबा असा बरोबर सांगायचा, की डॉक्टर स्वतः मोजायचं सोडून त्याला विचारू लागले.

आता दुखणं सांगतो. साऱ्या तालुक्याच्या गायी गाभण करणाऱ्या कडूबाच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नव्हता. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्याची बायको मनकर्णा गुणाची बाई, हाताला चव, तोंडाला धार. गावात लोक बोलायचे ते बोलायचेच, पण खरं बोलायची ती गोजरबाई. तीन लेकरं पुरलेली बाई ती, तिला नातवाची भूक किती असेल याचा विचार करा. तिनं आधी दुसरी सून करायचा हट्ट धरला. कडूबानं सांगितलं, सरकारी नोकराला दुसरी बायको करता येत नाही, नोकरी जाते. मग म्हातारी म्हणाली, तर हिला काडी मोडून दे.

काडी मोडणं म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. पंचांसमोर नवरा गवताची काडी मोडतो, आणि नातं तुटतं. बाई मोकळी. तिला दुसऱ्या घरी पाट लावता येतो. ठरलं असं की अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मनकर्णाचा भाऊ किसनराव तिला माहेरी न्यायला येईल, तेव्हाच पंच बसवायचे आणि तिला कायमचीच पाठवायची. हे ठरवलं गोजरबाईनं. कडूबा हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही.

पण त्याच्या मनात एक गोष्ट आली, जी तेव्हा आमच्या गावात कोणाच्या मनात आली नसती. गाय गाभण राहत नाही तेव्हा डॉक्टर आधी वळू तपासतात. मग माणसाचं काऊन नाही?

एका दुपारी डॉक्टर फिरतीवर असताना कडूबानं दवाखान्याचं दार लावलं आणि स्वतःचं तपासलं. हे त्यानं कसं केलं ते त्यानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पण तयारी कशी केली ते मात्र सगळं सांगितलं, आणि तिथंच त्याचा स्वभाव आडवा आला.

दवाखान्यातलं मिठाचं पाणी खामगावहून येणाऱ्या शुद्ध पाण्यात बनवलेलं असायचं. ते सरकारी वळूच्या नावाचं. आपल्या खाजगी कामाला त्याचा थेंब कसा घ्यायचा? म्हणून त्यानं स्वतःचं बनवलं. डॉक्टरांचं प्रमाण त्याला पाठ होतं, लिटरला नऊ ग्रॅम. घरचं मीठ त्यानं सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलं. घरच्या विहिरीचं पाणी उकळलं, सात पदरी फडक्यातून गाळलं, आणि एका निळ्या औषधी बाटलीत भरून वर चिठ्ठी चिकटवली, “मिठाचं पाणी”. चिठ्ठी न लावलेली बाटली म्हणजे विष, असं डॉक्टरांनी त्याला शिकवलं होतं. काचेची पट्टी घेतली ती केरात टाकलेली, कोपरा उडालेली. दुर्बीण तेवढी सरकारची वापरली. पाहण्यानं काच झिजत नाही, असं त्यानं मनाला समजावलं.

पाहिलं तर सगळं थंड. बेडकाची पिल्लं होती, पण एकाचीही शेपटी हलत नव्हती. हौद आटून गेल्यावर तळाशी पडून राहावीत तशी. आठ दिवसांनी पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच.

त्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला नाही. बराच वेळ तंबाखू मळत राहिला, आणि मळून झाल्यावर ती फेकून दिली. मग सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, “काडी मोडाचीच आहे. पण पंचाइले मी सांगणार, बाई चोख आहे, खोट माह्या अंगात आहे. नाही तर तिले बायको कोण करन?”

मी आपला म्हणालो की आईला आधी सांग. त्यानं आईला सांगितलं होतं. गोजरबाईनं विचारलं होतं, तुले कोणं सांगतलं? दुर्बिणीनं, असं तो म्हणाला. तर म्हातारी म्हणाली, ढोराची दुर्बीण ते, तिले माणसाचं का समजते?

मनकर्णाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि म्हणाली, “मी का गाय आहो का, ह्या दावणीची सोडून त्या दावणीले बांधाले?” पण कडूबा हट्टाला पेटला होता. ती सव्वीस वर्षांची, अजून वेळ गेलेली नाही, आपल्यापायी तिची कूस रिकामी राहायला नको. माणूस भल्यासाठी हट्टाला पेटला की त्याला अडवणं फार कठीण. दुष्टाला निदान लाज तरी घालता येते.

अखजी चार दिवसांवर आली होती. सकाळी दवाखान्यासमोर पाचसहा गायी बांधलेल्या होत्या, त्यांचे मालक लिंबाखाली बसलेले. मीही माझी गाय घेऊन आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कडूबा शाहिराला गोठ्यात परत बांधायला गेला होता. आत डॉक्टर थेंब तपासायला बसले, तर मिठाच्या पाण्याची बाटली रिकामी. सकाळीच एका बैलाचा डोळा धुण्यात ते संपलं होतं. डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहिलं, तर धुण्याच्या खोलीतल्या फळीवर मागं एक निळी बाटली, वर कडूबाच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. कडूबाचं अक्षर म्हणजे त्यांना शंका घ्यायचं कारणच नव्हतं. त्यांनी पाणी कोमट केलं, थेंब मिसळला आणि डोळा लावला.

मला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. तो उतरत गेला. त्यांनी दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. कडूबा आत आला तेव्हा ते कागद पुढं ओढून लिहायला लागले होते. वळू निकामी झाला आहे, परत न्यावा, असं वर कळवायचं. परत नेलेल्या वळूचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आज त्याचं बीज द्यायचं नाही, गायी घरी न्या, असं त्यांनी कडूबाला बाहेर सांगायला सांगितलं.

कडूबा बाहेर आला नाही. त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. लावला तो काढेचना. आत दिसलं ते त्यानं तीन वेळा पाहिलेलं चित्रच होतं. तीच आटलेली पिल्लं, तशीच निपचित.

तो सरळ उभा राहिला. आणि मग तो बोलला, बाहेर पाच माणसं ऐकत असताना.

“साहेब, शाहिराचा दोष नाही. माह्या अंगचा दोष त्याले लागला. ह्या दुर्बिणीत मी माह्यं पाह्यलं होतं.”

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. पण माणूस शिकलेला, आणि चांगला शिकलेला. हसले नाहीत. त्यांनी खिडकी लावून घेतली, म्हणजे अर्धी. उरलेलं मी अर्ध्या खिडकीतून ऐकलं. कधी पाहिलंस, कशावर पाहिलंस, असं एकेक त्यांनी विचारलं. दोष असा काचेतून लागत नसतो, तो काही खरजेसारखा रोग नाही, हेही समजावलं. मग विचारलं, “पाणी कोणतं घेतलंस?”

“हेच की,” कडूबा म्हणाला. “तुमच्या हातात आहे ते. माह्यंच आहे, घरच्या विहिरीचं. सरकारी नाही घेतलं साहेब, एक थेंबही नाही.”

डॉक्टरांनी हातातल्या बाटलीकडं पाहिलं. चिठ्ठी वाचली. मग बाटलीतलं पाणी जिभेला लावून थुंकून टाकलं, आणि खुर्चीत बसून कपाळाला हात लावला.

आता आमच्या पट्ट्याचं पाणी ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. पूर्णेच्या या काठाला विहीर खणली की खारं पाणी लागतं. खार आणि चुना दोन्ही. आंघोळ केली की अंगावर पांढरं, घंगाळाला आतून खडूसारखं पुट. साबणाला फेस नाही. त्यात डाळ घाला आणि दिवसभर जाळ लावा, दाणा दाण्याला ओळख देत नाही, डाळ शिजतच नाही. असल्या पाण्यात कडूबानं सोनाराच्या काट्यावर तोलून आणखी मीठ घातलं होतं. डॉक्टर म्हणाले, अरे, या पाण्यात शाहीर मेला, तिथं तू कसा जगशील?

त्यांनी लगेच शुद्ध पाण्यात नवं मिठाचं पाणी केलं. त्याच नळीतला थेंब त्यात मिसळला. आत बघतात तर घाईच घाई. वर पाठवायचा कागद त्यांनी फाडला, आणि कडूबानं बाहेर येऊन आम्हाला सांगितलं की गायी नेऊ नका.

खरी कसरत पुढंच झाली. डॉक्टर म्हणाले, आता या पाण्यात तुझं पाहू. तर कडूबा तयार होईना. ते पाणी सरकारी. शेवटी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं, की ड्रेसर कडूबा यास तपासणीकामी एक औंस मिठाचं पाणी देण्यात यावे, आणि खाली सही केली. ती चिठ्ठी त्यानं खिशात घातली तेव्हा त्याचं मन मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःच पाहिलं. दहातली सहा हलत होती. शाहिराची आठ असत. कडूबाला ते कमी वाटलं. पण डॉक्टर म्हणाले की माणूस काही गीर वळू नाही, त्याला सहा पुष्कळ. मूल का होत नाही हे मला सांगता येणार नाही, मी गुरांचा डॉक्टर. दोघंही खामगावच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन दाखवा. पण तुझ्यात बीज नाही असं पुन्हा कोणाला सांगू नकोस.

आता कडूबाची नात स्नेहलता याच विषयात शिकते आहे. सुट्टीत आली की माझ्याकडं बसते. तिनं मला सांगितलं, आजोबा, त्या शेपटीला इतकी बारीक दारं असतात की साध्या दुर्बिणीत दिसणार नाहीत. त्यांतून चुना, म्हणजे चुन्यातलं कॅल्शियम, आत शिरतं. दार उघडलं की शेपटी चाबकासारखी फटकारते, आणि शेवटच्या टप्प्याला, बिजांडाजवळ पोचल्यावर, त्याच जोरावर ते आत घुसतं. ज्या पुरुषाची ती दारंच बिघडलेली असतात, त्याचे शुक्रजंतू पोहताना दिसतात, पण घुसत नाहीत, आणि घरी मूल होत नाही. म्हणजे चुना नसला तर काम अडतं, आणि नको तेव्हा, नको तितका आला तर घात. मी विचारलं, मग तुझ्या आजोबाला चुन्यानं बुडवलं की मिठानं? ती म्हणाली, आता कसं सांगणार, पण मीठ दुप्पट झालं होतं, आधी त्यानंच मारलं असेल. मला तिचं हे आवडलं. माहीत नाही ते नाही म्हणाली. आजोबावर गेली आहे.

घरी कडूबानं मनकर्णाला हे सांगितलं तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो होतो. चुलीवर डाळ होती. तिनं सगळं ऐकलं, दुर्बीण, निळी बाटली, सोनाराचा काटा, सात पदरी फडकं. आणि मग डाव खाली ठेवला.

“सात वर्षं झाले, ह्या घरातल्या वरणाचं पाणी मी कोसावरून डोक्यावर आणून राह्यली,” ती म्हणाली. “आपल्या विहिरीत डाळ मरते हे ठाऊक होतं ना तुम्हाले? मंग जीव कसा जगन? एका शब्दानं मले विचारलं असतं.”

कडूबा मान खाली घालून उभा. गोजरबाई कोपऱ्यात गहू निवडत होती. सुपातले खडे फार जोरात फेकत होती. थोड्या वेळानं तिनं सुनेला विचारलं, अखजीला किती दिवस राहशील? मनकर्णा म्हणाली, पाच. म्हातारी म्हणाली, चारात ये, माह्यानं चूल होत नाही. पंचांचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही.

किसनराव बैलांची दमणी घेऊन आला, तेव्हा तो पंचांसाठी नवं धोतर नेसून, तोंड पाडून आला होता. त्याला काही माहीतच नव्हतं. बहीण नटून गाडीत बसली, हातात निळी बाटली. चिठ्ठी धुऊन टाकली होती आणि आत गोडं पाणी भरलं होतं, वाटेत प्यायला. चौथ्या दिवशी कडूबा स्वतः आणायला गेला.

खामगावला दोघं दोनदा गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाला काही औषध दिलं. चार वर्षांनी विमल झाली, स्नेहलताची आई. औषधानं झाली, वेळेनं झाली की देवानं दिली, हे मी कोणाला सांगत नाही. गोजरबाई मात्र मरेपर्यंत सांगायची की डॉक्टरच्या चिठ्ठीनं झाली. ती सहीची चिठ्ठी तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती.

आणि कडूबा. अखजीनंतरच्या पहिल्या शनिवारी तो कावड घेऊन निघाला आणि कोसावरच्या गोड्या विहिरीवरून दोन घागरी पाणी घेऊन आला. बायकांच्या वाटेनं पाणी आणणारा सरकारी ड्रेसर. पारावरची माणसं काय काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. उत्तमरावांनी तर विचारलं, काय कडूबा, शाहिराला तहान लागली का? तो थांबला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गेला. गावात नळ आला तेव्हा विमल सातवीत होती, आणि तोवर त्या घरातलं वरण त्यानंच आणलेल्या पाण्यात शिजलं.